माझी घडी, त्याची धुलाई

बाजारात प्रतिस्पर्ध्याला चीत कसं करायचं, हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं! त्यासाठी मोठमोठ्या कॉलेजांत जाऊन जाडजूड पुस्तकं वाचायची काही गरज नाही. माझ्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी एक स्टूल आहे. त्यावर बसावं, मी सांगतो ते ऐकावं आणि जाताना आपले चुरगळलेले कपडे ठेवून जावं.

तुम्ही म्हणाल, लाँड्रीवाल्याला कसली आलीय स्पर्धा? अहो, कसली म्हणून काय विचारता! आधी घरोघरी धुलाईयंत्रं आली. म्हटलं, येऊ द्या, इस्त्री कोण करणार? मग चुरगळतच नाहीत असले कपडे निघाले. आता मला सांगा, जो कपडा चुरगळतच नाही त्याला इस्त्रीचं सुख काय कळणार? पण लोकांना ते पटलं. गिऱ्हाईक आटत गेलं. आणि एवढं पुरेसं नव्हतं म्हणून की काय, माझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर त्यानं दुकान थाटलं!

त्यानं म्हणजे बटणदाब्यानं. हे नाव मीच ठेवलं. पुढून सगळं दुकान काचेचं, आत छताला टेकतील एवढाली मशिनं, आणि हे महाशय त्यांच्यासमोर उभे राहून दिवसभर बटणं दाबतात. कपड्याला हात म्हणून लावायचा नाही! फोनवर बोट टेकवलं की ह्याचा माणूस तुमच्या दारात हजर. धुतलेल्या कपड्यांना लिंबाचा वास. बरं, माझ्याहून जेमतेम चार-पाच वर्षांनी लहान असेल, पण मला म्हणतो "इस्त्रीकाका"! रोज सकाळी शटर उघडताना काचेआडून हात हलवतो आणि ओरडतो, "काय इस्त्रीकाका, तापली का?"

मी तापायचो. इस्त्री नंतर तापायची.

पण एक सांगतो. घडी घालावी तर मीच! माझे वडील म्हणायचे, घडीच्या रेघेवर बोट फिरवलं तर बोट कापलं पाहिजे. कापत नाही, पण गिऱ्हाईक बोट फिरवायला घाबरतं, एवढं नक्की. आणि वडिलांचीच दुसरी सवय माझ्या हातात उतरलीय. दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे दोन टाके घालायचे. खूण म्हणून. एकदा मी सुईदोरा घेऊन बसलो की माझा स्वतःचा रुमालसुद्धा त्यातून सुटत नाही.

तर झालं असं, की आमच्या रस्त्याच्या टोकाला नवं हॉटेल उभं राहिलं. हॉटेल म्हणजे चादरी! उशांचे अभ्रे! टेबलावरची कापडं! रोजच्या रोज! मी रात्रंदिवस त्याच हॉटेलाकडे डोळे लावून बसलो होतो. कारण खरं सांगायचं तर ते काम मिळालं नसतं तर मला शटर कायमचं खाली ओढावं लागलं असतं. बायकोला हे मी सांगितलं नव्हतं. तिला ते आधीच माहीत होतं.

एके सकाळी हॉटेलातून बोलावणं आलं. तिथल्या चादरीबिदरींचा सगळा कारभार एका मॅडमकडे होता. उंच, चष्मा साखळीला अडकवलेला, आणि नजर अशी की चादरीवरचा डागसुद्धा आपण होऊन पुढे येऊन कबुली देईल. खोलीला अजून रंगाचा वास येत होता. बटणदाब्या आधीच येऊन बसला होता. त्याच्या पलीकडे एक कोटवाला. एका भल्यामोठ्या कंपनीचा माणूस. ह्या कंपनीच्या ट्रकांनी ज्या ज्या रस्त्यावर पाऊल ठेवलं, तिथल्या लाँड्र्या बंद पडल्या, अशी तिची ख्याती!

मॅडम म्हणाल्या, "मालकांचा ओढा ह्या कंपनीकडे आहे. पण मला जवळचं माणूस हवंय. सकाळी हाक मारली की येणारं. म्हणून तुम्हा दोघांना एकेक गठ्ठा देते. परवा धुऊन, इस्त्री करून आणा. ज्याचं काम चांगलं, त्याला सगळं हॉटेल. दोघांचंही नाही पटलं, तर कंपनी."

"परवा कशाला?" मी म्हणालो. "उद्याच घ्या!"

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे बायको लग्नापासून सांगतेय.

"मी पण उद्याच आणतो," बटणदाब्या म्हणाला. तो मागे राहतो होय!

"आणि एक लक्षात ठेवा," मॅडम म्हणाल्या. "काम स्वतःच्या दुकानातच झालं पाहिजे. परस्पर बाहेरून करून आणलेलं कळलं, तर त्याच क्षणी बाद."

"मॅडम, आमच्या तीन पिढ्यांत सुईसुद्धा बाहेरून आणली नाही!" मी छाती ठोकून सांगितलं. कोटवाला नुसता हसला.

दुकानात आलो. चादरींना लाल टाके घातले आणि सगळा गठ्ठा एकदम म्हातारीच्या पोटात कोंबला. म्हातारी म्हणजे आमचं धुलाईयंत्र. वडिलांच्या काळातलं.

"अहो, निम्म्याच घाला," बायको म्हणाली.

"निम्म्या घालून जग जिंकता येत नाही!"

बटण फिरवलं. म्हातारीनं आधी एक दीर्घ सुस्कारा सोडला. मग ती थरथरली. मग ती चक्क चालायला लागली! दाराच्या दिशेनं! मी धावत जाऊन तिला मिठी मारली. ती मलाच घेऊन निघाली. बायको ओरडतेय, "सोडा तिला!" मी ओरडतोय, "बटण बंद कर!" तेवढ्यात आत काहीतरी फाडकन तुटलं, झाकण उडालं आणि साबणाच्या पाण्याचा लोंढा माझ्या चपलांसकट रस्त्यावर गेला. समोर काचेआड बटणदाब्या उभा होताच. त्यानं हात हलवला. मीही हलवला. फेसातून.

मेकॅनिक आला, आत डोकावला आणि टोपी काढून उभा राहिला. तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"पट्टा तुटलाय," तो म्हणाला. "पण हा पट्टा आता मिळत नाही. पट्टा बनवणारी कंपनी मशीनवाल्या कंपनीनं घेतली होती, आणि ती मशीनवाली कंपनी बुडाली."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हातात ओल्या, साबणाच्या चादरी. उद्या सकाळी मॅडम. आणि धुवायला दोन बादल्या! मी मटकन स्टुलावर बसलो. डोळ्यांत पाणी आलं, ते मी साबणावर ढकललं.

अशा वेळी जगात एकच माणूस येऊ शकतो. मेव्हणा! बायकोचा धाकटा भाऊ. एक जुनाट टेम्पो बाळगून आहे. कोणाचं कपाट ने, कोणाची वाळू आण, असं चाललेलं असतं. आजवर त्यानं इतके धंदे केले आणि सोडले, की "सध्या काय चाललंय?" हा प्रश्न त्याला घरात कोणी विचारत नाही.

त्यानं दुकानातलं तळं बघितलं, माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, "दाजी, गठ्ठा द्या इकडे. एका ठिकाणाहून झकास धुऊन आणतो."

"अरे, पण बाहेर द्यायचं नाही अशी अट आहे! आणि कुठे नेणार?"

"ते तुम्हाला सांगतच नाही. म्हणजे उद्या कोणी विचारलं, तर 'मला माहीत नाही' हे तुम्हाला खरं खरं सांगता येईल!"

ह्या युक्तिवादानं मी थक्क झालो. ह्या मुलानं वकील व्हायला हवं होतं. अर्थात तेही त्यानं मध्येच सोडलं असतं म्हणा. त्यानं गठ्ठा टेम्पोत टाकला, टेम्पो कोपऱ्यावरून वळला आणि मी हात जोडून बसलो.

दुपारी परत आला तो दोन गठ्ठे घेऊन!

"हा आपला," तो म्हणाला. "आणि हा दुसरा एका नर्सिंग होमचा. धुतलाय, पण त्यांचं इस्त्रीचं यंत्र फार चुण्या पाडतंय. विचारत होते, इथे इस्त्रीला चांगला हात कोणाचा आहे? मी म्हटलं, असा हात एकच. माझ्या दाजींचा!"

आता तुम्हीच सांगा, ह्याच्यावर माणूस नाही कसा म्हणणार? टेबल तर रिकामंच होतं.

मी चादर उचलली. आणि काय सांगू! माझ्या हातून आजवर अशी धुलाई झाली नव्हती. पांढरीशुभ्र! मऊ! कोणी का धुतली असेना, त्या अज्ञात माणसाला मी मनातल्या मनात सलाम केला.

बायकोनं दोन्ही गठ्ठ्यांशी नाक नेलं. "अहो, दोन्हींना लिंबाचा वास येतोय."

"हल्ली सगळेच लिंबू घालतात."

"आणि चादरीही अगदी सारख्या आहेत."

"अगं, पांढरी चादर पांढऱ्या चादरीसारखीच दिसणार! का नर्सिंग होमवाल्यांनी काळ्या चादरी घालायच्या?"

तिनं दोन्ही गठ्ठे पुन्हा एकदा हुंगले. त्या हुंगण्याचा अर्थ मी ओळखायला हवा होता.

आधी आमच्या गठ्ठ्याला इस्त्री केली. झकास झाली. मग नर्सिंग होमचा घेतला, आणि माझं मन भरून आलं. म्हटलं, कोणीतरी आजारी माणूस ह्यावर पाठ टेकणार. त्या बिचाऱ्याचं सगळं वाकडं चाललेलं असेल, निदान चादर तरी सरळ मिळू दे! मग काय विचारता! बेताची खळ घातली. कडा कडांना भिडवल्या. वाफ अशी मारली, की रेघ उठून दिसावी. अभ्र्यांचे कोपरे सुईनं काढले. आयुष्यात मी एवढी सुंदर घडी घातली नव्हती. आणि हो, प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे दोन टाके.

"त्यांच्या चादरींना कशाला?" बायको म्हणाली.

"हाताला सांग तू! माझं तो ऐकत नाही."

समोर बटणदाब्या काचेआडून रस्त्याकडे बघत नखं खात उभा होता. मला त्याची दया आली. म्हटलं, बिचारा! उद्या हरणार!

सकाळी हॉटेलात हजर झालो. माझा गठ्ठा एका टेबलावर, त्याचा दुसऱ्यावर. मेव्हणा दोघांचेही गठ्ठे उतरवून दाराशी टेम्पोला टेकून उभा. कोटवाला कोपऱ्यात. मॅडमनी पांढरे हातमोजे चढवले, आधी माझी चादर उघडली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली.

"वा!" मॅडम म्हणाल्या. "ह्याला म्हणतात धुलाई! बघा, जुन्या माणसाचा हात. हे नव्या मशिनांना कधीच जमायचं नाही."

मी नम्रपणे मान खाली घातली. तेवढ्यात बटणदाब्याच्या नाकपुड्या हलल्या. त्यानं हवेत एकदा वास घेतला. पुन्हा घेतला. आणि त्याचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. मला वाटलं, हार पचत नाही बेट्याला!

मॅडम दुसऱ्या टेबलाकडे वळल्या. त्याच्या गठ्ठ्यातली चादर उचलली आणि तिथेच थांबल्या. एक बोट घडीच्या रेघेवरून हळूच फिरवलं.

"अरे बापरे," त्या पुटपुटल्या. "ही घडी बघा! ही रेघ! आणि हा कोपऱ्यात लाल दोरा कसला?"

लाल दोरा! माझा दोरा! माझी खळ! माझे सुईनं काढलेले कोपरे! नर्सिंग होम गेलं चुलीत, हा बटणदाब्याचा गठ्ठा होता! म्हणजे माझ्या शत्रूची चादर मी माझ्या चादरीपेक्षा चांगली इस्त्री केली होती! वर मन भरून येऊन!

तरीही मी गप्प राहिलो. देवाशपथ, गप्प राहिलो! बोललो तर बाद होणार, हे मला कळत होतं. ओठ आवळून धरले. पण मॅडम पुढे म्हणाल्या, "ही यंत्राचीच कमाल. माणसाच्या हाताला असली घडी शक्यच नाही."

"शक्य नाही?" मी किंचाळलो. "अहो मॅडम, तो हात हा! हा बघा! ही घडी मी घातलीय! त्याच्या सात पिढ्यांना जमणार नाही! त्याला साध्या रुमालाची चौकोनी घडी घालता येत नाही!"

"आणि ती चादर मी धुतलीय!" बटणदाब्याही उसळला. तो बिचारा केव्हाचा दाबून बसला होता. "म्हणे जुन्या माणसाचा हात! ह्यांचं मशीन काल रस्त्यावर फिरायला निघालं होतं! तो लिंबाचा वास माझा आहे!"

"माझ्या चादरी तुझ्याकडे आल्याच कशा? चोर!"

"मी चोर? मला तर एका लॉजच्या चादरी म्हणून सांगितलं! लाल दोरा मी पाहिलासुद्धा नाही!"

"पाहशील कसा? तू कपड्याकडे बघतोस कुठे? तू बटणाकडे बघतोस!"

"आणि तुम्हाला वास आला नाही का, इस्त्रीकाका?"

"काका कोणाला म्हणतोस!"

"पुरे!" मॅडमनी टेबलावर हात आपटला. "म्हणजे ह्यांचं ह्यांनी धुतलं नाही आणि त्यांचं त्यांनी इस्त्री केलं नाही. अट काय होती? दोघंही बाद!"

माझ्या डोळ्यांसमोर माझं शटर आलं. खाली ओढलेलं. मी बटणदाब्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच मला दिसलं, की त्याच्याही डोळ्यांसमोर शटरच आहे. एवढी मोठाली मशिनं काय फुकट आली होती? त्याचीही झोप उडालेली असणार. मला त्याचं फार वाईट वाटलं. स्वतःचं वाटून झाल्यावर.

कोटवाला उठला. कोटाचं बटण लावलं. "मॅडम, ह्या किरकोळ लोकांचं हे असंच असतं," तो गोड आवाजात म्हणाला. "आमच्याकडे चादरी आठवड्यानं येतील, पण शिस्तीत. तुमच्याच येतील असं नाही. कोणाच्या तरी येतील."

किरकोळ! मला? आणि त्याला? अहो, बटणदाब्याला शिव्या द्यायचा हक्क माझा! समोरासमोर दुकान थाटून कमावलेला! हा कोण उपटसुंभ?

"मॅडम," मी म्हणालो, "आम्ही बाद होऊच शकत नाही. काम आमच्या स्वतःच्याच दुकानात झालंय. आमचं दुकान एकच आहे!"

बटणदाब्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच म्हातारीसारखा चालायला लागलोय. पण गडी हुशार. पापणी लवायच्या आत म्हणाला, "हो! एकच! आम्ही भागीदार आहोत!"

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"दोन वर्षं!" मी.

"कालपासून!" तो.

"म्हणजे बोलणी दोन वर्षं चालली होती," मी म्हणालो, "पक्कं काल झालं. धुलाई ह्यांच्याकडे, इस्त्री माझ्याकडे. मध्ये फक्त एक रस्ता आहे. तेवढा तर कुठल्याही मोठ्या कारखान्यात असतो!"

"मग आत्ता भांडत का होतात?"

"भागीदार आहोत म्हणून!" बटणदाब्या म्हणाला.

मॅडम त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग चष्मा काढला आणि हसायला लागल्या. अशा हसल्या, की हातमोज्यानं डोळे पुसायला लागले! कोटवाल्यानं लावलेलं बटण पुन्हा काढलं आणि तो खाली बसला.

"अहो, दोन्ही गठ्ठे सारखेच सुंदर आहेत," मॅडम म्हणाल्या. "असं काम ह्या कंपनीकडून मला मिळणार नाही. दिलं तुम्हाला! सगळं हॉटेल दिलं!"

जिंकलो! मी बटणदाब्याला मिठी मारली. त्यानं मला उचललं! उचलून खाली ठेवताना माझ्या शर्टाला चुण्या पडल्या, पण मी एक शब्दही बोललो नाही. एवढा मी त्या दिवशी मोठ्या मनाचा झालो होतो.

पुढचं काय सांगू! हॉटेल सुरू झालं आणि आमच्या चादरींचा बोलबाला झाला. मग खरोखरीचं एक नर्सिंग होम आलं. मग एक लॉजही आला. म्हातारीच्या जागी मी इस्त्रीचं दुसरं टेबल टाकलं, आणि बटणदाब्यानं चुण्या पाडणारं ते यंत्र विकून आणखी एक धुलाईचं मशीन घेतलं. आणि सगळ्यात गोड गोष्ट ऐका. परवा तो कोटवाला स्वतः माझ्या दुकानात आला. कंपनीच्या बड्या गिऱ्हाइकांचे शर्ट आम्ही इस्त्री करून देऊ का, म्हणून विचारायला! मी त्याला स्टुलावर बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं, "बघू. भागीदाराला विचारून सांगतो." हे वाक्य म्हणताना काय सुख वाटतं, ते तुम्हाला नाही कळणार!

तर बाजारात टिकायचं असेल, तर भांडावं कोणाशी आणि हात कोणाशी मिळवावा, हे ज्याला कळलं तो जिंकला. आणि ते मला कळलं!

आता एक बारीकशी गोष्ट राहिली. तशी काही महत्त्वाची नाही, पण कोणाकडून तरी कळेलच, म्हणून मीच सांगतो. त्या दिवशी काम दिल्यावर मॅडम म्हणाल्या, "पण चादर हरवली तर मी धरू कोणाला? तुम्ही दोघं तर एकमेकांकडे बोट दाखवाल. ह्या सगळ्यात दोन्हीकडचं काम नीट जाणून असलेला, गठ्ठे वेळेवर इकडचे तिकडे करणारा, शहाणा माणूस कोण?"

आम्ही दोघांनी दाराकडे बघितलं. मेव्हणा टेम्पोला टेकून केळं सोलत होता.

"मीच, मॅडम," तो म्हणाला. "दोघांना खरं सांगितलं असतं, तर दोघांनीही केलं नसतं."

"मग करार तुमच्याच नावानं करते," मॅडम म्हणाल्या. "हे दोघं तुमच्या हाताखाली."

बायकोनं ही बातमी सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवली. टेम्पो नवा आलाय. त्याच्यावर मेव्हण्याचं नाव मोठ्या अक्षरांत आहे. आम्हा दोघांचीही नावं आहेत, मागच्या बाजूला, चाकाच्या वर. चिखल उडाला नाही तर स्पष्ट वाचता येतात. बटणदाब्या त्याला साहेब म्हणतो. मी तसं काही म्हणत नाही. नात्यानं मी त्याचा दाजी आहे, आणि मी त्याच्या हाताखाली नाही, त्याच्या सोबत काम करतो. सोबत! फक्त टेम्पोचा हॉर्न वाजला की उठून उभा राहतो, इतकंच.